पेशीतला काळा ठिपका चांदीचाच आहे, हे कसं ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चांदीचे नॅनोकण बनवले. टीईएमवर (नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार सोडून पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) ते सरासरी २० नॅनोमीटर भरले, डीएलएसवर (द्रवातल्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणाऱ्या यंत्रावर) मात्र ४८ आले. मग ते कण माणसाच्या पेशींना चोवीस तास दिले, पेशी फिक्स करून (रसायनांनी आहे तशा टिकवून) रेझिनच्या कडक ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, बसवल्या, काप काढले, आणि कापांत काळे ठिपके दिसले. हे ठिपके आपलेच कण का, दोन आकड्यांतला खरा कोणता, आणि एसईएमही (पृष्ठभाग दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणी) करून घ्यावं का, असं विचारलं आहे. सोबत कापांचे चार फोटो आहेत.

आधी सरळ उत्तर देते. या फोटोंवरून ठिपके चांदीचे आहेत असं म्हणता येत नाही, आणि नाहीत असंही म्हणता येत नाही. काप चांगले निघाले आहेत, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या घड्या स्वच्छ दिसतात, म्हणजे फिक्सेशन नीट झालं आहे. अडचण अशी की कापांना युरेनिल अ‍ॅसिटेट आणि लेड सायट्रेट ही युरेनियमची आणि शिशाची रंगवायची द्रव्यं दोन्ही दिलेली आहेत, आणि कण न दिलेल्या पेशींचा एकही फोटो नाही. या दोन गोष्टींमुळे ठिपक्याला नाव द्यायला काही आधारच उरत नाही.

टीईएममध्ये एखादी जागा काळी का दिसते? झोतातले इलेक्ट्रॉन कापातून आरपार जातात. जिथे ते जास्त विखुरतात तिथले बरेचसे पुढच्या बारीक छिद्रातून पार होऊ शकत नाहीत, आणि ती जागा काळी उमटते. विखुरणं वाढायला तीन कारणं असतात: तिथले अणू जड असतात, किंवा काप तिथे जाड असतो, किंवा तिथे स्फटिक असून त्याची मांडणी नेमकी झोताच्या दिशेशी जुळलेली असते. कुठलं मूलद्रव्य आहे हे काळेपणावरून कळत नाही. पेशी तर मुळात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंची. तिच्यात फरक दिसावा म्हणून आपण बाहेरून जड धातू भरतो. फिक्स करताना दिलेल्या ऑस्मियमचा अणुक्रमांक ७६, शिशाचा ८२, युरेनियमचा ९२. चांदीचा ४७. म्हणजे पेशी दिसावी म्हणून जे जे घातलं, ते सगळंच शोधायच्या धातूपेक्षा जड आहे. चांदी शोधताना हे कायम डोक्यात ठेवावं लागतं.

त्यात पेशीचे स्वतःचे ठिपके असतातच. रायबोसोम साधारण २५ नॅनोमीटरचे. ग्लायकोजेनचे सुटे कण २० ते ३० नॅनोमीटरचे, आणि शिसं त्यांना इतकं घट्ट धरतं की ते काळेकुट्ट दिसतात. फेरिटिन या प्रथिनाच्या पोटात लोखंडाचा ६ ते ८ नॅनोमीटरचा गाभा असतो, तो काहीही न रंगवता दिसतो. लेड सायट्रेटला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की शिशाचा कार्बोनेट तयार होऊन कापावर काळे दाणे बसतात. म्हणून रंगवताना पेट्री डिशमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवायच्या आणि ग्रिडवर (काप ठेवायच्या धातूच्या बारीक जाळीवर) श्वास सोडायचा नाही. यातले बरेचसे आकार तुमच्या २० नॅनोमीटरच्या आसपासच येतात.

हे मी स्वतः भोगलं आहे. कामाला लागून थोडीच वर्षं झाली होती, यकृताच्या कापांत लोहऑक्साइडचे कण शोधायचे होते. कण दिलेल्या प्राण्यांचे काप आधी झाले. प्रत्येक चौकटीत बारीक काळे ठिपके, सारख्या आकाराचे, पुंजक्या-पुंजक्यांनी. तीन आठवडे मी ते मोजले, तक्ते केले. नियंत्रण गटाचे, म्हणजे कण न दिलेल्या प्राण्यांचे, ब्लॉक नंतर कापले, आणि पहिल्याच चौकटीत तेच पुंजके दिसले. मी फेरिटिन मोजत होते. यकृत लोखंडाचा साठा करतं हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण समोर हवं ते दिसत असताना ते आठवलं नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: नियंत्रणाच्या पेशी त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या द्रावणांनी, त्याच रेझिनमध्ये बसवायच्या, आणि त्यांचे काप आधी पाहायचे.

जॉर्ज पॅलेड यांचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. १९५५ मध्ये त्यांनी पेशीद्रवातल्या बारीक दाट कणांचं वर्णन केलं. तेही ठिपकेच होते. पण ते फोटोवर थांबले नाहीत. १९५६ मध्ये फिलिप सिकेव्हिट्झ यांच्याबरोबर त्यांनी यकृताच्या पेशींतला तो भाग वेगळा काढून त्याची रासायनिक तपासणी आणि सूक्ष्मदर्शकातलं रूप शेजारी-शेजारी मांडलं, आणि कणांत आरएनए आहे हे दाखवलं. आज आपण त्यांना रायबोसोम म्हणतो. पॅलेड यांना १९७४ चं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या कामासाठी. ठिपका दिसला की त्याचं रसायन विचारायचं, ही शिस्त या विषयात तेव्हापासून आहे.

आता तुमच्या ठिपक्यांचं रसायन कसं विचारायचं ते सांगते.

पहिलं काम म्हणजे त्याच ब्लॉकचे काप न रंगवता पाहणं. युरेनियम नाही, शिसं नाही. पेशी फिकट दिसेल, पडदे पुसट होतील, पण ब्लॉकमधलं ऑस्मियम असल्यामुळे कुठे काय आहे एवढं कळतं. धातूचा कण या फिकट पार्श्वभूमीवर तसाच काळा राहतो आणि ग्लायकोजेन, रायबोसोम जवळजवळ नाहीसे होतात. पुढच्या खेपेला जमलं तर पेशींचा एक वाटा ऑस्मियमशिवायही बसवा. चित्र देखणं येणार नाही, पण चांदीपेक्षा जड असं त्यात काहीच उरणार नाही, आणि मग ठिपक्यावर बोलणं सोपं होतं.

दुसरी युक्ती फुकटची आहे आणि फार कमी जण वापरतात. नमुना पाच-दहा अंशांनी कलता करा आणि ठिपक्याकडे बघत राहा. चांदीचा कण स्फटिक असतो. कोन बदलला की काही कण एकदम गडद होतात, काही फिके पडतात, एखाद्याच्या अंगावर पट्टा सरकतो. रायबोसोम किंवा ग्लायकोजेन असं करत नाही. एवढ्याने चांदी सिद्ध होत नाही, पण समोर स्फटिक आहे की नाही हे दोन मिनिटांत कळतं.

तिसरं ईडीएस, म्हणजे झोत आदळल्यावर अणूंमधून निघणाऱ्या क्ष-किरणांची ऊर्जा मोजणं. इथे मात्र सावध राहा. चांदीचं मुख्य शिखर २.९८ केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) येतं आणि त्याच्या खांद्यावर दुसरं ३.१५ ला. युरेनियमचं शिखर ३.१७ ला. युरेनिल अ‍ॅसिटेट दिलेल्या कापावर सॉफ्टवेअर बिनदिक्कत ‘चांदी’ असं लेबल लावून मोकळं होतं. अशाच एकमेकांना चिकटून येणाऱ्या आणखी जोड्या आहेत: गंधकाचं शिखर २.३१, शिशाचं २.३५, फॉस्फरसचं २.०१, ऑस्मियमचं १.९१. न रंगवलेला काप घ्या असं मी सारखी म्हणते आहे त्याचं हेही कारण. शिवाय नोंद ४० केईव्हीपर्यंत ठेवायला सांगा. चांदीचं एक शिखर २२ केईव्हीजवळ येतं. ते बारीक असतं, पण तिथे ऑस्मियम, शिसं, युरेनियम यांपैकी कोणाचंच शिखर नाही. यंत्रावर मर्यादा २० ला लावलेली असेल तर ते दिसणारच नाही.

मोजणी नेहमी जोडीने घ्या: एक ठिपक्यावर, दुसरी त्याच्या शेजारी, ठिपका नसलेल्या जागी, तेवढाच वेळ. दोन्हीतला फरक हेच तुमचं उत्तर. तांब्याचं शिखर दोन्हीकडे येईल, ते ग्रिडचं आहे. कण तांब्याचे असते तर मी निकेलची किंवा सोन्याची ग्रिड घ्यायला सांगितलं असतं, चांदीला तांब्याची चालते. क्लोरीनही दोन्हीकडे दिसण्याची शक्यता आहे, कारण इपॉक्सी रेझिनमध्ये ते थोडंफार असतंच. त्यावरून सिल्व्हर क्लोराइड झालं असं समजू नका.

स्फटिकाच्या थरांमधलं अंतर मोजून चांदी ओळखता येईल का, असं पुष्कळ जण विचारतात. चांदीच्या सगळ्यात ठळक थरांमधलं अंतर ०.२३६ नॅनोमीटर, सोन्याचं ०.२३५. हा फरक मोजमापाच्या चुकीत सहज बुडतो. थर दिसले तर स्फटिक आहे हे पक्कं झालं. धातू कोणता, हे ईडीएसनेच ठरवा.

चांदीची आणखी एक खोड आहे, ती सोन्याला नाही. ती पेशीत स्वस्थ बसत नाही. कण हळूहळू विरघळतात, चांदीचे आयन सुटतात, आणि पेशीतल्या गंधकयुक्त रेणूंशी जुळून सिल्व्हर सल्फाइडचे बारीक दाणे परत तयार होऊ शकतात. चोवीस तासांनी २० नॅनोमीटरच्या कणांभोवती तीन-चार नॅनोमीटरची भुकटी दिसली तर ती घाण समजून सोडून देऊ नका. तिथे चांदीबरोबर गंधकाचं शिखर येतं का ते पाहा, आणि ते पाहायचं तर कापाला शिसं लागलेलं नको.

ठिपका चांदीचा ठरला, तरी तो पेशीच्या आत होता का, हा प्रश्न राहतो. हिऱ्याच्या सुरीपुढे कडक कण आला की तो कधीकधी जागचा उपटला जातो आणि कापण्याच्या दिशेने ओढला जातो. मागे बारीक भोक आणि ओरखडा राहतो. ओरखड्यांच्या रेषेतच कण बसलेले दिसले तर त्यांच्या जागेवर विश्वास ठेवू नका. पडद्याने वेढलेल्या कप्प्यात पुंजका असेल, आणि शेजारच्या नुसत्या रेझिनमध्ये एकही कण नसेल, तर ‘आत’ म्हणायला हरकत नाही. उलट, एखाद्या पेशीत कण दिसला नाही म्हणून तो आत गेलाच नाही असंही नाही. १५ मायक्रोमीटरच्या पेशीतून ७० नॅनोमीटरचा काप म्हणजे दोनशेपेक्षा जास्त कापांपैकी एक. एकाच ब्लॉकमधले वेगवेगळ्या खोलीवरचे काप घ्या आणि किती पेशी पाहिल्या, त्यातल्या किती पेशींत कण होते, हे दोन्ही आकडे लिहा.

काप पुन्हा काढणारच आहात तर सुरीच्या पाण्यावर नजर ठेवा. हिऱ्याच्या सुरीमागच्या छोट्या हौदात काप एकामागून एक तरंगत येतात, आणि त्यांच्या रंगावरून जाडी कळते. राखाडी म्हणजे ६० नॅनोमीटरच्या आत, रुपेरी म्हणजे ६० ते ९०, सोनेरी झाला की त्याहून जाड. फिकट रुपेरी रंगावर थांबा. काप दाबला जाऊन आखूड झालेला असतो. क्लोरोफॉर्ममध्ये बुडवलेली कागदाची पट्टी त्याच्यावर, न टेकवता, दोन-तीन सेकंद धरली की तो डोळ्यांदेखत पसरतो. मग काडीच्या टोकाला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने काप हळूच एकत्र सारायचे आणि ग्रिडवर उचलायचे. इतक्या महागड्या यंत्राच्या कामात आजही पापणीचा केसच लागतो, कारण तेवढं मऊ आणि तेवढंच ताठ दुसरं काही सहज सापडत नाही. ही दहा मिनिटं घाईत गेली की पुढचा सगळा दिवस सुरकुत्या बघण्यात जातो.

आता २० आणि ४८. दोन्ही आकडे खरे आहेत, ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. टीईएममध्ये कोरड्या कणाचा धातूचा गाभा दिसतो. त्याच्यावरचं सेंद्रिय आवरण हलक्या अणूंचं, ते जवळजवळ अदृश्य. डीएलएस द्रवात डुलणारा कण मोजतं, आवरणासकट आणि सोबत ओढल्या जाणाऱ्या पाण्यासकट. त्याहून मोठं कारण म्हणजे विखुरणाऱ्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घातांकाने वाढते. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश फेकतो. चार-दोन जुळे कण किंवा छोटे पुंजके असले की डीएलएसचा आकडा वर सरकतो. म्हणून दोन्ही आकडे द्या आणि कोणता कशाचा ते लिहा. एक लपवून दुसरा देऊ नका.

पण तुमच्या २० बद्दलही मला विचारायचं आहे. किती कण मोजले? कुठल्या चौकटींतले? चांगले सुटे दिसणारे कण निवडून फोटो काढायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि त्याने सरासरी खोटी होते. ग्रिडच्या कोणत्या खिडक्या पाहायच्या हे आधी ठरवा, त्यात जे येईल ते सगळं मोजा. मी तीनशे-चारशे कणांखाली समाधान मानत नाही, आणि सरासरीसोबत पूर्ण आलेख मागते. टीईएमवर कणांचा आकार मोजण्यासाठी आयएसओ २१३६३ हे मानक २०२० पासून आहे, ते एकदा वाचून काढा. यंत्राचं विवर्धन तपासलेलं आहे का हेही विचारा. मोजपट्टी फोटोवर छापून येते म्हणून ती बरोबर असतेच असं नाही.

थेंब ग्रिडवर कसा ठेवला यावरही बरंच अवलंबून असतं. ग्रिडवरचा कार्बनचा पापुद्रा पाण्याला दूर लोटतो. ग्लो डिस्चार्ज (विद्युतभारित वायूने पापुद्रा पाण्याला धरणारा करणं) केलेला नसेल तर थेंब मण्यासारखा उभा राहतो, आणि सुकताना सगळे कण कडेला गोळा होतात. मग ‘कण गुठळ्या करतात’ असा निष्कर्ष निघतो, तो खरं तर सुकण्याचा परिणाम असतो. ग्लो डिस्चार्ज केल्यावर तोच थेंब सपाट पसरतो. तीन ते पाच मायक्रोलिटर ठेवा, मिनिटभर थांबा, कडेला गाळणकागदाचं टोक लावून पाणी शोषून घ्या. सलाइन बफरमधले चांदीचे कण थेट सुकवू नका: मिठाचे चौकोनी खडे येतात, चांदीवर क्लोराइड चढतं, आणि सिल्व्हर क्लोराइड झोताखाली फुटून तिथेच चांदीचे नवे दाणे तयार होतात. तुम्ही न बनवलेले कण तुमच्याच फोटोत उमटतात. म्हणून कमी विवर्धन, कमी झोत, आणि प्रत्येक जागेचा पहिला फोटो जपून ठेवा.

एसईएमबद्दल थोडक्यात. या प्रश्नाला त्याची गरज नाही. एसईएम पेशीचा पृष्ठभाग दाखवतं, तुम्हाला आतलं हवं आहे. कण पेशीवर चिकटलेत का एवढं पाहायचं असेल तर करा, पण नमुन्यावर सोन्याचा थर देऊ देऊ नका. तो थर काही नॅनोमीटरच्या दाण्यांचाच असतो, आणि मोठ्या विवर्धनावर तेच दाणे नॅनोकण म्हणून मिरवतात. कार्बनचा पातळ थर द्या आणि परतलेले इलेक्ट्रॉन टिपणारा डिटेक्टर लावा. त्यात जड धातू उजळ दिसतो.

पुढे लिपोसोम, विषाणू किंवा पेशींनी सोडलेल्या पुटिका पाहायच्या असतील तर सुकवण्यापेक्षा क्रायो, म्हणजे गोठवून पाहणं, बरं. त्या पुटिका वाटीसारख्या खोलगट असतात असं फोटो पाहून कित्येक वर्षं लिहिलं गेलं. तो सुकताना बसलेला आकार होता, गोठवून पाहिल्यावर त्या गोल दिसतात. झाक दुबोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पाण्याचा पातळ पापुद्रा स्फटिक होऊ न देता गोठवून दाखवला, आणि २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ग्रिड थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली तर तिच्याभोवती वायूचं कवच तयार होतं आणि थंडी आत पोचायला उशीर होतो. म्हणून नायट्रोजनने थंड केलेल्या द्रव इथेनमध्ये बुडवतात. तुमच्या चांदीच्या प्रश्नाला मात्र आत्ता त्याची निकड नाही.

तुमचे ब्लॉक टाकून देऊ नका, इपॉक्सीतले ब्लॉक कोरड्या डबीत वर्षानुवर्षं चांगले राहतात. त्यांतूनच न रंगवलेले काप घ्या, कलवून पाहा, मग ईडीएस. नियंत्रणाचा ब्लॉक केलेला असेल तर आधी तो कापा. केलेलाच नसेल तर पेशी पुन्हा वाढवण्यावाचून मार्ग नाही, आणि तेव्हा दोन्ही गट एकत्र बसवा, प्रत्येकाचा एक वाटा ऑस्मियमशिवाय. ब्लॉकची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून रेझिनच्या आतच ठेवा. शाई रेझिनमध्ये विरघळते, आणि दोन सारखे पिवळट ब्लॉक हातात आले की कोणता कण दिलेल्या पेशींचा आणि कोणता नियंत्रणाचा, हे कोणीच सांगू शकत नाही.